परराज्याची फी

न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचं मूल आहे, त्या घरात एप्रिलभर दुसरा विषय नसतो. कॉलेजांची उत्तरं आलेली असतात आणि १ मेच्या आत एका ठिकाणी होकार कळवून अनामत भरायची असते. यंदा ही पाळी आमची होती. लेकीला संख्याशास्त्र शिकायचं आहे. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक आमच्याच राज्याचं रटगर्स विद्यापीठ, एडिसनहून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, न्यू ब्रन्सविकला. दुसरं ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ.

दोन्ही विद्यापीठं सरकारी, म्हणजे राज्यांची. राज्याच्या करातून त्यांना अनुदान मिळतं, म्हणून त्या राज्यात राहणाऱ्यांच्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना जास्त. इथे याला ‘इन-स्टेट’ आणि ‘आउट-ऑफ-स्टेट’ म्हणतात, मराठी बोलतानासुद्धा. आमच्यासाठी रटगर्सची फी वर्षाला १८-१९ हजार डॉलर; होस्टेल, जेवणखाण, पुस्तकं धरून ३७-३८ हजार. मिशिगनची नुसती फीच ६० हजारांच्या वर जाते आणि सगळं धरून आकडा ८० हजारांच्या पुढे. चार वर्षांचा फरक पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास. आमचे दोघांचे पगार असे, की गरज बघून दिली जाणारी मदत आमच्या वाट्याला येत नाही. आणि एवढा फरक सहज भरता यावा इतकेही ते नाहीत. नोकरी करणाऱ्या बहुतेक घरांची इथे हीच कोंडी होते.

लेकीचा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ, १९९०च्या दशकात एमएस करायला ॲन आर्बरला आला आणि पुढे डेट्रॉईटजवळ स्थायिक झाला. तिची आत्या, माझी नणंद (भाऊ तिला ‘ताई’ म्हणतो), एडिसनमध्येच राहते आणि लोकांचे टॅक्सचे कागद करून देते. निर्णयाच्या त्या आठवड्यात भाऊ आमच्याकडे होता. दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे, कारण दोघंही पोरीच्या काळजीने बोलत होते आणि दोघांकडेही सांगण्यासारखं होतं. मध्ये मध्ये मीही आहे.

मामा : ताई, मी सरळच सांगतो. मिशिगन मिळालंय आणि आपण रटगर्सचा विचार करतोय, हेच मला पटत नाही. नाशिकला इंजिनीअरिंग करताना आम्हा पोरांना मिशिगनचं नाव पाठ होतं. रटगर्स कुणी ऐकलं होतं?

आत्या : नाशिकला रटगर्सचं नाव पोहोचलं नसेल मामा, पण औषध पोहोचलं होतं. स्ट्रेप्टोमायसिन तिथे सापडलं, १९४३ साली, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत. त्याआधी क्षयावर धड औषधच नव्हतं. १७६६ सालचं कॉलेज आहे ते, अमेरिका स्वतंत्र व्हायच्या दहा वर्षं आधीचं. आपण ऐकलं नव्हतं म्हणून ते हलकं ठरत नाही.

मामा : हलकं कोण म्हणतंय? पण कुठलीही यादी काढा, मिशिगन वर आहे. मोठमोठ्या कंपन्या तिथे मुलाखती घ्यायला येतात. जुने विद्यार्थी जगभर पसरलेत. नोकरी बदलताना समोरचा माणूस ॲन आर्बरचा निघाला की बोलण्याचा सूर कसा बदलतो, ते मी अनुभवलंय.

आत्या : मान्य. आता मला सांगा, तुम्ही तिथे शिकलात तेव्हा फी किती भरलीत?

मामा : मला असिस्टंटशिप होती. फी माफ, वर महिन्याचा खर्च निघेल एवढे पैसे.

आत्या : म्हणजे तुमचं मिशिगन तुम्हाला फुकट पडलं. तुमची मेहनत होती, ती कोणी नाकारत नाही. पण पोरीचं मिशिगन तीन लाखांच्या वर आहे. नाव एक असलं तरी सौदा एक नाही.

भाऊ यावर लगेच काही बोलला नाही. आमच्या पिढीचा इथे खरोखर घोळ होतो. बी.ई. आपल्याकडे झालं, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजच्या फीमध्ये. मास्टर्स इथे झालं, अनेकांचं असिस्टंटशिपवर. अमेरिकेत बॅचलर्सची पूर्ण फी भरणं म्हणजे काय असतं, हे घरात कुणीच पाहिलेलं नसतं. विद्यापीठाच्या नावाचा दरारा आपल्याला माहीत असतो, पण ते नाव आपल्याला कोणत्या दराने मिळालं होतं हे मुलांशी बोलताना आपण विसरून जातो.

मामा : बरं, मग पैशांवर उपाय काढू. तिने माझ्याकडे राहावं. पत्ता माझा, लायसन्स मिशिगनचं, मतदार म्हणून नाव तिथे. वर्षभरात मिशिगनची रहिवासी झाली की पुढची तीन वर्षं इन-स्टेट फी.

आत्या : दर वर्षी कोणीतरी हाच बेत घेऊन माझ्याकडे येतं. तो चालत नाही हो. अठरा वर्षांचं मूल, खर्च आईबाप करतात, त्यांच्या टॅक्सच्या कागदावर ते अवलंबित म्हणून दाखवलेलं. मग त्याचं राज्य म्हणजे आईबापाचं राज्य. शिकायला म्हणून आलेलं मूल चार वर्षं राहिलं तरी विद्यापीठ त्याला शिकायला आलेलंच धरतं. नुसतं लायसन्स काढून आणि मत देऊन रहिवास लागत नाही, आणि मामाच्या घराने तर मुळीच नाही. हे दोघं नोकऱ्या बदलून बिऱ्हाडासकट तिकडे आले, तर गोष्ट वेगळी.

मामा : आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहिली तर?

आत्या : कॅलिफोर्नियात तसा नियम आहे. ३६६ दिवस राज्यात राहायचं, कायम तिथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवायचा, आणि पालक बाहेरचे असतील तर स्वतःच्या कमाईवर जगतो हे सिद्ध करायचं. एकोणीस वर्षांची पोर घरभाडं, जेवण आणि वर फी, सगळं स्वतःच्या पगारातून भरते, असं कुणाच्या कागदावर दिसणार? आणि तेवढं कमावत असेल तर शिकणार कधी?

मामा : एकाच देशात तिप्पट फी. याविरुद्ध कोर्टात कुणी गेलं नाही का?

मी : गेले की. कनेक्टिकटमध्ये असा कायदा होता, की प्रवेशअर्ज भरताना जो बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. माणूस खरोखर रहिवासी झाला असेल तर त्याला तसं दाखवायची संधी हवी, असं म्हटलं. पण राज्याने आपल्या रहिवाशांना कमी फी लावण्याला हरकत घेतली नाही. आणि आपल्याकडचा निकाल तर त्याच्याही आधीचा आहे. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. दिल्लीच्या विद्यार्थ्याला ती भरावी लागली म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५५ साली बहुमताने निकाल राज्याच्या बाजूने लागला. जन्मस्थानावरून भेद करता येत नाही, रहिवासावरून करता येतो, असा तो तर्क होता.

आत्या : मला त्या जास्त फीचा राग नाहीच. मिशिगनच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या कर भरून ते विद्यापीठ उभं केलं. त्यांच्या मुलांना ते स्वस्त मिळायलाच हवं. पण मामा, तुमच्या शेजारची मुलगी ॲन आर्बरला जाईल ती साधारण १८ हजार फी भरेल. आपली ६० हजार भरेल. वर्ग एक, बाक एक, प्राध्यापक एक, पदवीच्या कागदावरचा मजकूर एक. वरच्या ४२ हजारांत आपल्या मुलीला काय मिळालं?

मामा : रटगर्सच्या वर्गाऐवजी मिशिगनचा वर्ग मिळाला.

आत्या : रटगर्स न्यू जर्सीकरांना आपला वर्ग १८ हजारांत देतं, मिशिगन मिशिगनकरांना आपला वर्ग १८ हजारांत देतं. दोन्ही राज्यांनी आपापल्या लेकरांसाठी जवळजवळ तीच किंमत लावली आहे. बाहेरच्याची किंमत शिकवण्याच्या दर्जावरून ठरलेली नाही. बाहेरचा किती देऊ शकेल, त्यावरून ठरलेली आहे.

नणंदेचं हे बोलणं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं, कारण फी जास्त म्हणजे शिक्षण चांगलं, हे समीकरण आपल्या डोक्यात नकळत बसलेलं असतं. २००८च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी उच्च शिक्षणावरचा खर्च कापला आणि विद्यापीठांनी ती खोट बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी मुलांच्या फीमधून भरून काढायला सुरुवात केली. मिशिगनमध्ये बॅचलर्स करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं आज राज्याबाहेरची आहेत. अलाबामा विद्यापीठात तर निम्म्याहून जास्त. उलट नॉर्थ कॅरोलायनाने चॅपल हिलच्या पहिल्या वर्षात बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घालून ठेवली आहे, कारण तिथल्या करदात्यांना आपल्या मुलांच्या जागा जाण्याची भीती वाटते. म्हणजे आपण जो आकडा दर्जाची खूण समजतो, तो बराचसा त्या त्या राज्याच्या तिजोरीचा आणि राजकारणाचा हिशेब असतो.

मामा : ॲन आर्बरला सव्वा लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलांना फी माफ आहे, हे तरी चांगलं म्हणाल की नाही?

आत्या : फारच चांगलं आहे. मिशिगनमध्ये राहणाऱ्या घरांसाठी.

मग मिशिगनहून आलेलं आर्थिक मदतीचं पत्र टेबलावर आलं. मला वाटतं, या सगळ्या वादात लोकांनी नीट बघावी अशी वस्तू म्हणजे हे पत्र. कुठल्याही कॉलेजचं असो, त्यातले रकाने वरवर सारखेच दिसतात. ‘ग्रँट’ आणि ‘स्कॉलरशिप’ म्हणजे परत न करायचे पैसे. ‘वर्क-स्टडी’ म्हणजे पोराने कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे, आणि ते आधी मिळत नाहीत. आणि ‘लोन’ म्हणजे कर्ज. पण पुष्कळ पत्रांत हे सगळं ‘मदत’ या एकाच मथळ्याखाली येतं, आणि घाईत वाचणाऱ्याला वाटतं की एवढी रक्कम कॉलेज देतंय. नणंदेने पेन घेऊन कर्जाच्या ओळी खोडल्या. आमच्या कागदावर मग परत न करायचं असं काहीच उरलं नाही.

आत्या : आता बघा. मुलांच्या शिक्षणाच्या ५२९ खात्यात या दोघांनी दीड लाख साठवलेत. रटगर्सची चार वर्षं त्यात जवळजवळ बसतात. मिशिगनला पावणेदोन लाख कमी पडतात. ते कुठून आणायचे? मुलीला सरकारी कर्ज मिळेल. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग ७,५०० आणि ७,५००. चार वर्षांचे मिळून २७ हजार. त्याहून जास्त सरकार तिला देत नाही.

मामा : पालकांना मिळणारं सरकारी कर्ज आहे ना, पॅरेंट प्लस?

आत्या : आहे. पूर्वी खर्चाला जेवढे कमी पडतील तेवढे सगळे मिळायचे. १ जुलै २०२६ पासून नवीन घेणाऱ्यांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार, एवढीच मर्यादा. २०२५-२६ सालचा व्याजाचा दर ८.९४ टक्के, आणि पैसे हातात येण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त कापून घेतात. ६५ हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला आठशे डॉलरच्या वर जातो. आणि नाव बघा, पॅरेंट. कर्जदार ही दोघं. पोरीने उद्या फेडायचं ठरवलं तरी कागदावर जबाबदारी यांचीच.

मामा : ६५ आणि २७, झाले ९२ हजार.

आत्या : तरी ऐंशी हजारांच्या वर भगदाड राहतं. ते खाजगी कर्जाने भरायचं, आणि तिथे बाप जामीन.

मामा : घर आहे की त्यांचं. आज एडिसनमध्ये घराच्या किमती काय झाल्यात! त्यावर कर्ज काढलं तर व्याजही कमी पडेल.

आत्या : तुमची बहीण ५१ वर्षांची आहे आणि माझा भाऊ ५४. पोर शिकून बाहेर पडेल तेव्हा तो ५८. तेव्हा घरावर नवं कर्ज घेऊन बसायचं? मुलांच्या शिक्षणाला कर्ज मिळतं, मामा. म्हातारपणाला कुणी कर्ज देत नाही.

मामा : ताई, आपल्या आईवडिलांनी दागिने मोडून आपल्याला शिकवलं. तेव्हा त्यांनी असला हिशेब मांडला असता, तर आपण इथे बसलो असतो का?

या वाक्याने खोलीतली हवा बदलली, कारण ते खरं होतं. आमच्या आईच्या पाटल्या भावाच्या तिकिटासाठी गेल्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. नणंदेने उत्तर दिलं ते आवाज न चढवता.

आत्या : दागिने मोडले तेव्हा दुसरी वाट नव्हती. नाहीतर शिक्षणच थांबत होतं. इथे शिक्षण थांबत नाही. रटगर्सला जाऊनही ती संख्याशास्त्रच शिकणार. त्या दोघांनी मोडले ते शिक्षणासाठी. आपण मोडणार ते दोन चांगल्या विद्यापीठांमधल्या फरकासाठी. त्यांच्या त्यागाला हे जोडू नका.

मामा : पण तो फरक लहान नाही, हेच मी म्हणतोय. नाशिक सोडून ॲन आर्बरला आलो तेव्हा मी पहिल्यांदा अशा माणसांत बसलो, जी माझ्यापेक्षा सगळ्या बाबतीत हुशार होती. पहिलं सत्र मी नुसता धडपडत होतो. पण त्या संगतीने मला घडवलं. पैसे पुढेमागे मिळवता येतात. अठराव्या वर्षी मिळायची ती संगत पुन्हा मिळत नाही.

भावाचा हा मुद्दा मला शेवटपर्यंत खोडता आला नाही, आणि खोडावासाही वाटला नाही. फक्त त्याला एक जोड द्यावीशी वाटते. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि पालकांना वाचायला म्हणून एक अभ्यास नेहमी काढून देते. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांच्या पुढच्या कमाईचा माग काढला. त्यांचा लेख २००२ मध्ये आला. नामांकित कॉलेजात शिकलेले जास्त कमावतात, हे वरवर दिसतंच. पण त्यांनी तुलना केली ती सारख्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारखे होकार-नकार मिळालेल्या मुलांची. काही नामांकित ठिकाणी गेली, काही कमी नामांकित ठिकाणी. अशा मुलांच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. ज्या मुलात मिशिगनला प्रवेश मिळवण्याचा दम आहे, ते मूल तो दम घेऊनच रटगर्सला जातं. अपवाद महत्त्वाचा आहे. गरीब घरातल्या आणि ज्यांचे पालक फारसे शिकलेले नाहीत अशा मुलांना नामांकित कॉलेजाचा फायदा खरोखर होतो, कारण ज्या ओळखी आणि जी माहिती घरात नसते ती त्यांना तिथे मिळते.

मामा : मग तो अपवाद म्हणजे मी.

मी : हो दादा, तूच. आणि म्हणूनच तुला ॲन आर्बर एवढं मोठं वाटतं, आणि तुझ्या बाबतीत ते होतंही. हिच्या घरात दोन पगार आहेत, पुस्तकं आहेत, मिशिगनला शिकलेला मामा आहे. तुला जे तिथे मिळालं, त्यातलं बरंचसं तिला तुझ्याकडूनच मिळालंय.

त्यानंतर बोलणं थोडा वेळ बाहेरच्या राज्यांतल्या स्वस्त पर्यायांवर गेलं. ते थोडक्यात सांगते, कारण आमच्यासाठी वेळ निघून गेली होती, पण ज्यांची मुलं अजून नववी-दहावीत आहेत त्यांच्या कामाचं आहे. आउट-ऑफ-स्टेट म्हणजे सरसकट महाग, असं नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून फी गोठवून ठेवली. रहिवाशांना ९,९९२ आणि बाहेरच्या राज्यांतल्यांना २८,७९४ डॉलर, म्हणजे मिशिगनच्या निम्म्याहूनही कमी. अलाबामासारखी विद्यापीठं हुशार मुलं बाहेरून खेचायला गुणांवर मोठ्या शिष्यवृत्त्या देतात. पश्चिमेकडच्या राज्यांचा आपसात करार आहे. त्यात सहभागी ठिकाणी शेजारच्या राज्यातल्या मुलाला रहिवाशाच्या दीडपटीपेक्षा जास्त फी पडत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत, आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम शेजारी इन-स्टेट फीमध्ये शिकायची सोय आहे. न्यू जर्सी अशा कुठल्याच करारात नाही, आणि तरीही आमच्या राज्यातून बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलांची संख्या आत येणाऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षं कितीतरी जास्त आहे.

आणि ज्यांना निवडच नाही अशी घरंही आमच्या आसपास आहेत. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेल्या कुटुंबांतली मुलं एच-४ व्हिसावर असतात. बालवाडीपासून इथे वाढलेली, पण त्यांना सरकारी कर्ज किंवा अनुदान नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की पालकांवर अवलंबून असलेला व्हिसाही संपतो, आणि शिकत राहायचं तर विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. कित्येक राज्यांत त्या व्हिसावरच्या मुलाला रहिवासी धरत नाहीत. आपण ज्या फरकावर एवढा काथ्याकूट करतो, तो अशा मुलांच्या वाट्याला पदवीच्या मधल्या वर्षात अचानक येऊ शकतो. न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींनी, कार्यक्रमांच्या जोडीला, या मुलांसाठी निधी उभा करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

इतका वेळ जिच्याबद्दल हे चाललं होतं, ती जिन्यात बसून ऐकत होती. मी तिला खाली बोलावलं.

लेक : मामा, मला मिशिगन आवडलं, पण खरं सांगू? मला इथून बाहेर पडायचंय. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं रटगर्सला चाललीत. पुन्हा तीच मुलं, तोच रस्ता, तीच दुकानं. आणि रटगर्सला गेले तर मी दर शुक्रवारी घरी असणार, हे मला आत्ताच दिसतंय.

मामा : बघा! हेच. सोमवारी सकाळी आईने दिलेले डबे घेऊन परत. चार वर्षांत स्वतःचा भात लावायला शिकणार नाही पोर.

आत्या : रटगर्सच्या न्यू ब्रन्सविकच्या आवारात चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. बुश कॅम्पसवरून लिव्हिंगस्टन कॅम्पसला, तिथून कॉलेज ॲव्हेन्यूला जायला बस लागते. शाळेतली मुलं पहिल्या महिन्यातच पांगतील. आणि अगदीच पैसे वाचवायचे तर आपल्या एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे. शाळेत पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना कौंटी कॉलेजची फी राज्य भरतं. दोन वर्षं तिथे काढायची, मग रटगर्समध्ये तिसऱ्या वर्षाला. २००७ पासून कायदाच आहे, ते श्रेयांक राज्याच्या विद्यापीठांना धरावे लागतात.

लेकीचा चेहरा पडला. इथे मी नणंदेच्या विरोधात गेले. ती वाट चांगली आहे. ज्या घरात दीड लाख साठलेले नाहीत तिथे ती वाट मुलाला कर्जाशिवाय पदवीपर्यंत नेते, आणि तिला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. पण पैसे हाताशी असताना ते केवळ वाचवायचे म्हणून मुलीला आणखी दोन वर्षं तिच्याच खोलीत ठेवणं मला मान्य नाही. तिला बाहेर पडायचंय ही तिची गरज खरी आहे. ती भागवायला पावणेदोन लाख लागतात, एवढंच मला मान्य नव्हतं.

मी तिला एकच विचारलं. मिशिगनमध्ये असं काय आहे, जे तुला हवंय आणि रटगर्समध्ये नाही? तिने प्रामाणिकपणे विचार केला. अभ्यासक्रम तिने दोन्हीकडचे शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. पहिल्या दोन वर्षांचं गणित सारखंच, पुढचे विषयही बरेचसे तेच. तिने स्टेडियम सांगितलं, गाव सांगितलं, हिवाळा सांगितला. तिला जहाजं बांधायचं शास्त्र शिकायचं असतं, तर मी भावाच्या बाजूने उभी राहिले असते. मिशिगनला त्या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, रटगर्सला नाही, आणि त्यासाठी मी घरावर कर्ज काढायलाही तयार झाले असते. बाहेरची फी भरावी ती अशा नाव घेऊन सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी. नुसतं ‘चांगलं कॉलेज’ एवढंच सांगता येत असेल, तर चांगलं कॉलेज आपल्या राज्यातही आहे.

मामा : म्हणजे तुमचं ठरलं.

मी : ठरलं, पण तुझं अर्धं ऐकून. ती घरी राहणार नाही. चारही वर्षं होस्टेल किंवा मैत्रिणींबरोबर खोली. दर शुक्रवारी घरी येणं बंद. आम्हीही बोलावणार नाही. मिशिगनसाठी महिन्याला जे आठशे भरावे लागले असते, त्यातला थोडा भाग एका सत्रासाठी परदेशात जायला ठेवू. आणि उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांना घेणारे संशोधनाचे कार्यक्रम असतात, त्यांत तिने अर्ज करायचे.

मामा : ॲन आर्बरलाही कर. माझ्याकडे राहा, भाडं नाही.

लेक : नक्की करेन.

मामा : मला अजून पटलेलं नाही, ताई. संगतीचा मुद्दा तुम्ही खोडला नाहीत.

आत्या : नाही खोडला. तिला तिकडे ती संगत शोधावी लागेल, आयती मिळणार नाही. ऑनर्स कॉलेजचं विचारून बघा, प्राध्यापकांच्या मागे लागून पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी प्रकल्पात शिरायला सांगा तिला. एवढं तुम्ही शिकवा. ते तुम्हाला जमतं, मला नाही जमत.

मामा : आणि चार वर्षांनी मास्टर्सला मिशिगन मिळालं तर?

आत्या : तर पहिल्या दिवशी मी तिला एवढंच विचारेन, की तुझ्या मामाला होती तशी असिस्टंटशिप आहे का. असेल तर मी स्वतः गाडीने सोडायला येते.

३० एप्रिलला लेकीने रटगर्सची अनामत भरली आणि मिशिगनला नकार कळवला. होस्टेलच्या अर्जात तिने लिव्हिंगस्टनला पहिली पसंती दिली आहे, आणि मामा आता दर रविवारी फोनवर तिच्याकडून लिनिअर अल्जिब्रा करून घेतो.